बखर नको, दफ्तर हवं

गेल्या बुधवारी आमच्याकडे एक मीटिंग झाली. अर्ध्या तासाची होती, दीड तास चालली. विषय होता केटी. आयटीत नसलेल्या वाचकांसाठी (आहात का कुणी? असाल तर भेटा, चहा पाजतो :-)) सांगतो, केटी म्हणजे नॉलेज ट्रान्स्फर. कुणी नोकरी सोडून चालला की नोटीस पिरियडच्या शेवटच्या काही आठवड्यांत त्याच्या डोक्यातलं सगळं दुसऱ्याच्या डोक्यात ओतायचा जो कार्यक्रम असतो, तो. आमच्या टीममधला सगळ्यात जुना माणूस पुढच्या महिन्यात चाललाय. टीममध्ये त्याला सगळे काका म्हणतात. वय फक्त अडतीस, पण आठ वर्षं एकाच प्रॉडक्टवर काढली म्हटल्यावर आमच्या धंद्यात माणूस काकाच होतो. कुठला कोड तसा का आहे हे आमच्याकडे फक्त त्याला माहीत.

तर मॅनेजर म्हणाला, ह्या वेळी केटी चार आठवडे नाही, एकच आठवडा. का? तर आता आपल्या कोडिंग असिस्टंटला मेमरी आली आहे. "काका गेलं वर्षभर त्याच्याशीच तर बोलतोय. त्याला सगळं माहीत झालंय. नवीन माणसाने त्यालाच विचारायचं."

खोलीत कुणी काही बोललं नाही. मीही नाही. (अप्रेझल जवळ आलंय.) काकाने फक्त चष्मा काढून पुसला आणि परत लावला. तीन दिवस ते डोक्यात फिरत राहिलं, म्हणून आज शनिवारी सकाळी सगळी कामं सोडून लिहायला बसलोय.

नमनाला घडाभर तेल नको, म्हणणं आधीच सांगून टाकतो. असिस्टंटला मेमरी हवी. नक्की हवी. पण ती प्रोजेक्टच्या रेपोमध्ये हवी, सगळ्या टीमला दिसणारी हवी, आणि तिच्यात 'काय' बरोबर 'का' आणि 'कधीपर्यंत' लिहिलेलं हवं. टूल स्वतःच्या मनाने, आपल्या पाठीमागे, एकेकाच्या लॅपटॉपवर जे टिपून ठेवतं त्याच्या भरवशावर प्रोजेक्ट चालवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. आणि त्याच्या जोरावर माणसाची केटी कापणं ह्याला काय म्हणायचं ते इथे लिहीत नाही, हा ब्लॉग आईपण वाचते.

आता दुसऱ्या बाजूचंही सांगतो. ज्यांना मेमरी हवी आहे त्यांचं दुःख खरं आहे, मीही ते भोगलंय. रोज सकाळी नवीन सेशन उघडायचं आणि येरे माझ्या मागल्या. "आपण जावा सतरा वापरतो. टेस्ट ह्या कमांडने चालवायच्या. हे फोल्डर जनरेटेड आहे, त्याला हात लावू नकोस." काल संध्याकाळी ज्याने आपल्याबरोबर तीन तास बसून बग शोधला, तोच आज सकाळी ओळखदेख नसल्यासारखा समोर उभा. 'गजनी'मधला आमिर खान आठवतो? २००८ चा? दर पंधरा मिनिटांनी पाटी कोरी. तसाच. फरक एवढाच की ह्याच्या अंगावर गोंदणं नाहीत, म्हणून रोज सकाळी आपण गोंदत बसायचं.

ह्यात मॉडेलचा काही दोष नाही, ते तसंच बनवलेलं असतं. ट्रेनिंग होऊन बाहेर पडलं की त्याची वेट्स गोठलेली असतात. तुम्ही त्याच्याशी दिवसभर बोललात तरी त्यातलं काही त्याच्या आत जात नाही. तुम्ही एंटर मारलात की दर वेळी आधीचं संभाषण, वाचलेल्या फायली, चालवलेल्या कमांडचं आउटपुट, असं सगळं पहिल्यापासून त्याच्यासमोर मांडलं जातं आणि ते बघून मॉडेल पुढचा मजकूर लिहितं. हे जे समोरचं टेबल आहे त्याला म्हणतात कॉन्टेक्स्ट विंडो. टेबल भरत आलं की टूल आधीच्या गप्पांचा गोषवारा काढतं, मूळ कागद बाजूला सारतं आणि गोषवारा टेबलावर ठेवतं. सेशन बंद केलं की टेबल साफ.

म्हणजे 'मेमरी' म्हणून जे विकतात ते मॉडेलच्या डोक्यात नसतंच. ती कुठेतरी लिहून ठेवलेली चिठ्ठी असते आणि नवीन सेशन सुरू झालं की ती टेबलावर आणून ठेवतात. बस, एवढंच. आता चिठ्ठी लिहितं कोण, ठेवतं कुठे आणि वाचू शकतं कोण, सगळं भांडण इथे आहे.

चिठ्ठीचे दोन प्रकार. पहिल्या प्रकारात ती आपण लिहायची. क्लॉड कोड फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं. ते प्रोजेक्टमधली 'क्लॉड डॉट एमडी' नावाची फाईल सेशनच्या सुरुवातीला वाचतं. कोपायलटची अशीच सूचनांची फाईल असते, कर्सरचे रूल्स असतात. प्रत्येकाची फाईल वेगळी म्हणून लोक वैतागले, तेव्हा २०२५ मध्येच 'एजंट्स डॉट एमडी' हा सामायिक रिवाज पडला आणि डिसेंबर २०२५ मध्ये तो लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला. साधी मजकुराची फाईल. गिटमध्ये कमिट होते, कुणीही उघडून वाचू शकतं, चूक दिसली तर पुल रिक्वेस्ट टाकता येते.

दुसऱ्या प्रकारात चिठ्ठी टूलच लिहितं. चॅटजीपीटीला फेब्रुवारी २०२४ मध्ये मेमरी द्यायला सुरुवात झाली आणि एप्रिल २०२५ पासून ते जुन्या गप्पांचाही संदर्भ घ्यायला लागलं. विंडसर्फसारख्या कोडिंगच्या टूल्समध्येही ही सोय आली. तुम्ही काम करत असता आणि टूल आपलं आपण ठरवतं की ह्यातलं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ती नोंद जाते तुमच्या लॅपटॉपवरच्या कुठल्यातरी लपलेल्या फोल्डरमध्ये, नाहीतर टूलवाल्यांच्या सर्व्हरवर तुमच्या अकाउंटखाली. आमचा मॅनेजर ज्या मेमरीवर फिदा आहे ती ही.

हिने मला कसं तोंडघशी पाडलं ते सांगतो.

आमचं प्रॉडक्ट पॅथॉलॉजी लॅबसाठी आहे. बिलं, रिफंड, रिपोर्ट वगैरे. काही महिन्यांपूर्वी मी रिफंडच्या कोडवर काम करत होतो. पलीकडून वेळेत उत्तर आलं नाही तर पुन्हा प्रयत्न करायचा, हा आपला शाळकरी नियम. पण पेमेंटवाल्यांच्या टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये एकच विनंती दोनदा आली तर ती ओळखायची सोय बिघडलेली होती. रिट्राय केला की एका रिफंडच्या दोन नोंदी. संध्याकाळचे साडेसात, घरून दोन फोन येऊन गेलेले. मी वैतागून असिस्टंटला लिहिलं, रिट्राय नकोत, काढून टाक. दोन दिवसांनी त्या लोकांनी त्यांचं दुरुस्त केलं, मी माझ्या हाताने रिट्राय परत घातले. विषय संपला.

माझ्यासाठी संपला. असिस्टंटने मात्र त्याच्या चिठ्ठीत एक ओळ लिहून ठेवली होती, की ह्या युजरला नेटवर्क कॉलवर रिट्राय नको असतात.

तीन महिन्यांनी मी दुसरंच काम करत होतो, पेशंटच्या मोबाइलवर रिपोर्टची लिंक एसएमएसने पाठवायचं. कोड असिस्टंटने लिहिला. सुबक होता, टेस्ट पास होत्या. शेजारच्याने रिव्ह्यू केला आणि ओके दिला. त्याला तरी काय दोष देणार? रिव्ह्यूमध्ये असलेला कोड दिसतो, नसलेला रिट्राय कुणाच्या डोळ्यांना दिसणार?

मग एका शनिवारी सकाळी एसएमएस गेटवे सात-आठ मिनिटं आडवा झाला. अशा गोष्टी होतच असतात, त्यासाठीच तर रिट्राय असतात. आमच्याकडे नव्हते. ६३ लोकांना लिंक गेलीच नाही, आणि सिस्टीमच्या मते सगळं आलबेल. सोमवारी एका लॅबमधल्या ताईंचा फोन आला. एक आजोबा बायकोच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांच्या रिपोर्टसाठी शनिवारी दोनदा हेलपाटे घालून गेले होते. 'मोबाइलवर येईल' असं काउंटरवर सांगितलं म्हणून ते दोन्ही वेळा मुकाट्याने परत गेले. सोमवारी सकाळी तिसऱ्यांदा आले तेव्हा कुणीतरी कागदावर प्रिंट काढून दिली. ताई ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "जरा बघा हो, माणसं ताटकळतात."

चूक माझी होती. कोड मी मर्ज केला, नीट वाचायला हवा होता, ह्यावर वाद नाही. पण रिट्राय गेले कुठे हे शोधायला मला पूर्ण दिवस लागला, कारण गिटमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. टिकेटमध्ये नव्हतं. तेच काम तशाच्या तसं शेजारच्याच्या मशीनवर दिलं तर त्याच्या असिस्टंटने मुकाट्याने तीन रिट्राय घातले! मग कुठे माझी ट्यूब पेटली. कारण होतं माझ्या होम डिरेक्टरीतल्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये, मी कधीही न उघडलेल्या फाईलमध्ये, चौदाव्या ओळीवर.

त्या ओळीकडे जरा नीट बघा. खोटी नव्हती ती. मी खरंच तसं म्हणालो होतो. पण कुठे म्हणालो, का म्हणालो, किती दिवसांपुरतं म्हणालो हे सगळं गळून गेलं आणि वैतागलेल्या माणसाच्या तोंडच्या एका वाक्याचा कायमचा नियम झाला. आणि तो नियम फक्त माझ्या मशीनवर होता. एकच टीम, एकच रेपो, तेच टूल, आणि सहा जणांकडे सहा वेगवेगळे अलिखित कायदे.

ह्या प्रकाराला आपल्याकडे फार जुना आणि चांगला शब्द आहे. बखर.

शाळेत सभासदाची बखर ऐकली असेल. ती लिहिली गेली १६९७ च्या सुमाराला, जिंजीला. महाराज जाऊन सतरा वर्षं झाली होती. कृष्णाजी अनंत सभासद हा दरबारातला माणूस, बखरकारांमध्ये त्यातल्या त्यात विश्वासाचा. तरीही तो लिहीत होता आठवणीतून, आणि आठवणीत काय होतं ते आपल्याला माहीत आहे. गोष्ट राहते, तारखा इकडेतिकडे होतात, आकडे फुगतात. पुढच्या बखरींबद्दल तर बोलायलाच नको. म्हणून तर इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरून अस्सल पत्रं गोळा केली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड काढले. त्यांना गोष्ट नको होती, ज्या दिवशी घडलं त्या दिवशी लिहिलेला कागद हवा होता. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतल्या कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. कुणाला किती दिले, कशासाठी दिले, कुठल्या तारखेला. वाचायला कंटाळवाणं. पण दोन माणसांत वाद झाला तर निकाल तिथे लागतो.

गिट म्हणजे आपलं दफ्तर. कुणी, कधी, कुठली ओळ बदलली हे तिथे आहे, आणि कमिट मेसेज लिहिणारा माणूस जर 'फिक्स्ड इश्यू' एवढंच लिहिणाऱ्यांपैकी नसेल तर का बदलली हेही आहे. असिस्टंटची आपोआप मेमरी म्हणजे बखर. तीही गोषवाऱ्याच्या गोषवाऱ्यावरून लिहिलेली. बखर वाचायला माझी ना नाही, मला आवडतात. पण जमिनीच्या दाव्यात बखर पुरावा म्हणून आणली तर वकील हाकलून देईल, आणि आपण मात्र प्रॉडक्शनचा कोड तिच्यावर लिहितोय.

बरं, चुकून गळणं एक. मुद्दाम कुणी गडबड केली तर? पुन्हा 'गजनी'कडे येऊ. त्यातला खलनायक हिरोच्या घरात घुसतो, त्याचे फोटो आणि नोंदी नष्ट करतो आणि त्याच्या अंगावरच्या गोंदणांवर दुसरी खोटी गोंदणं गोंदवतो. ज्याची सगळी आठवण बाहेर लिहिलेली आहे त्याला मारायची गरजच नसते, लिहिलेलं बदललं की झालं. हे फक्त सिनेमात होत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये योहान रेहबर्गर ह्या सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं की चॅटजीपीटीला एखादं फसवं वेब पान वाचायला लावलं तर त्यातल्या छुप्या सूचना त्याच्या मेमरीत जाऊन बसू शकतात, आणि मग पुढच्या संभाषणांमधला मजकूर हल्लेखोराकडे जात राहतो. माहिती बाहेर जायची ती वाट ओपनएआयने बंद केली, पण मुद्दा शिल्लक राहतोच. एरवी असा हल्ला त्या सेशनबरोबर संपतो. मेमरी असली की तो घर करून राहतो. आता विचार करा, आपला कोडिंग असिस्टंट दिवसभर काय काय वाचत असतो? अनोळखी लायब्ररीचे रीडमी, कुणीही टाकलेले इश्यू, एरर मेसेज. आणि त्याला आपल्या टर्मिनलवर कमांड चालवायची परवानगी आपणच दिलेली असते.

इथे कुणी म्हणेल, रेपोमधल्या फाईलीतही असं करता येतंच की. बरोबर आहे. मार्च २०२५ मध्ये पिलर सिक्युरिटी ह्या कंपनीने नेमकं हेच दाखवलं होतं. कर्सर आणि कोपायलटच्या नियमांच्या फाईलीत डोळ्यांना न दिसणारी युनिकोड अक्षरं वापरून सूचना लपवता येतात, आणि रिव्ह्यू करणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणजे रेपोमध्ये ठेवलं की सगळं सुरक्षित, असा माझा दावा नाही. पण रेपोमध्ये निदान दार आहे आणि दारावर राखणदार बसवता येतो. न दिसणारी अक्षरं पकडणारी तपासणी बिल्डमध्ये टाकता येते, आम्ही ती पंधरा मिनिटांत टाकली. कुणी कधी घुसवलं हेही शोधता येतं. सहा लॅपटॉपवरच्या सहा लपलेल्या फोल्डरांना दारच नाही तर राखण कशाची करणार?

दुसरा आक्षेप: "अरे, ती मेमरी उघडून बघता येते, नको ते खोडता येतं." येतं. तुम्ही शेवटची कधी उघडली होती? मीही नव्हती उघडली. जी गोष्ट आपोआप होते ती तपासायची नसते असंच आपल्याला वाटतं, आणि 'तुम्हाला काही करायला नको' हेच तर त्या सोयीचं जाहिरातवाक्य आहे.

तिसरा आक्षेप माझ्या एका मित्राचा. त्याचं म्हणणं, "हे सगळं तात्पुरतं आहे रे. कॉन्टेक्स्ट विंडो दहा लाख टोकनपर्यंत गेली. सगळं टेबलावर ओता, निवड कशाला करायची?" त्याला मी २०२३ च्या एका पेपरची आठवण करून दिली. स्टॅनफर्डच्या आणि इतर संशोधकांचा आहे. लांबलचक मजकूर दिला की मॉडेल सुरुवातीचं आणि शेवटचं चांगलं वापरतं, मधलं त्याच्या हातून निसटतं, असं त्यांनी मोजून दाखवलं. त्यानंतर मॉडेल सुधारली, मान्य. पण उद्या मधलं सगळं अचूक वाचता आलं तरी एकमेकांशी न जुळणाऱ्या दोनशे ओळींमधली आज कुठली लागू आहे, हे वाचून कळत नाही. 'रिट्राय नको' आणि 'रिट्राय हवेत' ह्या दोन्ही ओळी टेबलावर असतील तर? ते ठरवायला कारण लागतं, आणि कारण तर आपण लिहिलंच नाही.

आता मालकीचं बघा. काका गेला की त्याचं अकाउंट त्याच दिवशी संध्याकाळी बंद होणार, लॅपटॉप आयटीवाले फॉरमॅट करणार. ज्या मेमरीच्या जिवावर आपण केटी कापली ती कुठे गेली? लॅपटॉपबरोबर. पुढच्या वर्षी कंपनीने दुसरं टूल घेतलं, स्वस्त पडतं म्हणून, तर? पुन्हा कोरी पाटी. ज्ञान एका माणसाच्या डोक्यात अडकू नये म्हणून जे आणलं, त्याने ते एका माणसाच्या अकाउंटमध्ये अडकवून ठेवलं. त्या माणसाला निदान गेल्यावरही फोन करता यायचा.

नावडीनिवडी मेमरीत असायला माझी काही हरकत नाही, हेही सांगून टाकतो. मला उत्तरं छोटी आवडतात, कोडमध्ये पाल्हाळिक कमेंट नको असतात, हे टूलने खुशाल टिपून ठेवावं. ते माझं आहे. पण सिस्टीम कशी चालते आणि का, हे माझं नाही, टीमचं आहे. ते माझ्या खिशात असता कामा नये.

आता काकाबद्दल. बुधवारच्या मीटिंगनंतर मी गुपचूप एक प्रयोग केला. संध्याकाळी काकाला म्हटलं, तुझ्या असिस्टंटची मेमरी उघड, आपण ओळीने वाचू. त्याने ती कधीच पाहिली नव्हती. एकेचाळीस नोंदी निघाल्या. काही उपयोगाच्या होत्या, खोटं कशाला बोलू. एक अशी होती: रात्रीचा हिशोबाचा जॉब २:४० ला चालतो, महत्त्वाचं, वेळ बदलू नये.

मी विचारलं, २:४० का? दोन का नाही?

काका हसायला लागला. म्हणाला, "अरे, २०१९ मध्ये एक मोठी लॅब होती आपल्याकडे. त्यांचा सर्व्हर रात्री दोनला बॅकअप घ्यायचा आणि अर्धा तास मेल्यासारखा पडायचा. म्हणून चाळीस मिनिटं पुढे ढकलला. ती लॅब २०२२ मध्येच आपल्याला सोडून गेली. आता काही गरज नाही त्याची."

आणि ह्या गरज नसलेल्या वेळेपायी आमचे सकाळचे रिपोर्ट रोज उशिरा येतात, त्यावर गेल्या सहा महिन्यांत दोन टिकेटं पडली आहेत, आणि दोन्ही वेळा असिस्टंटने प्रामाणिकपणे सांगितलंय की ही वेळ बदलू नका. नव्या माणसाने 'त्यालाच विचारलं' असतं तर त्यालाही हेच उत्तर मिळालं असतं. जन्मभर.

पीटर नाउर नावाचा एक डॅनिश संगणकशास्त्रज्ञ होता. (कॉलेजात बीएनएफ शिकलात ना? त्यातला एन तो.) त्याने १९८५ मध्ये एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रोग्रॅम म्हणजे फक्त कोड नव्हे. तो बनवणाऱ्यांच्या डोक्यात त्याच्याबद्दलची जी समज असते ती खरी वस्तू आहे. प्रत्येक भाग तसा का आहे हे ज्याला सांगता येतं आणि नवीन मागणी आली की ती कुठे बसेल हे ज्याला कळतं, त्याच्याकडे ती समज आहे. ती माणसं पांगली की प्रोग्रॅम चालू असला तरी मेलेला असतो, आणि नुसत्या कागदपत्रांवरून तो पुन्हा जिवंत करता येत नाही. हे माझ्याही विरुद्ध जातं, कारण नाउरच्या हिशोबाने माझं दफ्तरही अपुरंच. मला ते मान्य आहे. म्हणून तर चार आठवडे हवेत. २:४० चं कारण आमच्या कागदात नव्हतं आणि मशीनमध्येही नव्हतं. ते मी 'का?' विचारल्यावर काकाच्या तोंडून बाहेर पडलं. हा प्रश्न विचारायला समोर माणूस लागतो आणि त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो.

आणि एक कडू गोष्ट आपण आपल्यालाच सांगायला हवी. आपण माणसांसाठी कधी धड लिहिलं नाही. दहा वर्षं जुन्या प्रोजेक्टच्या रीडमीत 'येथे लिहा' एवढंच असायचं. केटी म्हणजे कुणीही परत न पाहिलेली कॉलची रेकॉर्डिंग आणि 'फायनल' नावाच्या तीन एक्सेल. नवा पोरगा महिनाभर चाचपडला तरी आपल्याला काही वाटायचं नाही, 'शिकेल हळूहळू.' असिस्टंट चाचपडायला लागला तेव्हा मात्र टोकनचं बिल दिसलं आणि सगळे खडबडून फाईली लिहायला लागले. असो, निदान लिहायला तरी लागले. आता तेवढंही टूलच्या गळ्यात घालून मोकळे होऊ नका एवढीच विनंती.

गुरुवार आणि शुक्रवार संध्याकाळी काका आणि मी बसलो. रेपोमध्ये 'निर्णय' नावाचं एक फोल्डर केलं. एका निर्णयाला एक छोटी फाईल, त्यात काय ठरलं, का ठरलं, कधी ठरलं, कुणी ठरवलं आणि काय बदललं की हे रद्द समजायचं. ह्यात माझी अक्कल काही नाही, मायकेल नायगार्डने २०११ मध्येच अशा नोंदी ठेवायची पद्धत लिहून ठेवली आहे. रद्द कधी समजायचं, ही शेवटची ओळ तेवढी माझी, एसएमएस प्रकरणात शिकलेली. एजंट्स डॉट एमडीमध्ये जेमतेम तीस ओळी ठेवल्या आणि खाली लिहिलं, बाकीचं 'निर्णय'मध्ये बघ. असिस्टंटला सांगितलंय, तुला काही लक्षात ठेवावंसं वाटलं तर पुल रिक्वेस्ट टाक, आम्ही वाचून ठरवू. आपोआप मेमरी सगळ्यांनी बंद केली. एकेचाळीसपैकी एकोणीस नोंदी कारणासकट 'निर्णय'मध्ये गेल्या, बाकी खोडल्या. काल पहिली पुल रिक्वेस्ट असिस्टंटची आली. नोंद बरोबर होती, कारण चुकीचं होतं. काकाने दुरुस्त केलं.

दोन संध्याकाळींत तेवीस फाईली झाल्या आहेत, नोंदींतल्या एकोणीस आणि गप्पांतून निघालेल्या चार. काकाच्या अंदाजाने अजून शंभर तरी आहेत.

सोमवारी मॅनेजरकडे जाऊन चार आठवडे परत मागणार आहे. २:४० ची गोष्ट सांगणार आहे, आणि त्या ६३ लोकांची पण, जी आजवर मी त्याला पूर्ण सांगितलेली नाही. अप्रेझलचं काय व्हायचं ते होवो. नाहीच म्हणाला तर रोज संध्याकाळी साडेसहानंतर ऑफिसखालच्या टपरीवर बसू, लॅपटॉप घेऊन. काका हो म्हणालाय. चहाचे पैसे माझे.